मोटरहोममधील ब्रेक लाइट स्विच बदलणे

ब्रेकचे पेडल दाबले की मागचे लाल दिवे लावणाऱ्या विद्युत स्विचला ब्रेक लाइट स्विच म्हणतात. बहुतेक मोटारींत तो पेडलच्या दांड्यापाशी असतो आणि थोड्या वेळात बदलता येतो. मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या आणि स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या गाडीत, हेच काम पुष्कळदा दिवसभराचे होऊन बसते. स्विच साधाच असतो, पण तिथवर हात जात नाही.

ही अडचण गाडीच्या बांधणीतून येते. अमेरिकेत ‘क्लास ए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, बसच्या आकाराच्या मोटरहोमची चासी, म्हणजे चाके आणि इंजिन असलेला खालचा सांगाडा, एक कंपनी बनवते आणि वरचे घर दुसरी. फोर्डची एफ-५३ ही अशीच चासी. कारखान्यातून निघताना तिच्यावर इंजिन, स्टिअरिंग आणि पेडल असते, केबिन नसते. त्या अवस्थेत स्विच सहज हाताला लागतो. पुढे घर बांधणारा कारखाना त्याभोवती फरशी, डॅशबोर्ड, हवेचे डक्ट आणि वायरींचे जुडगे चढवतो. चासीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हा डॅशबोर्ड दाखवलेला नसतो आणि घराच्या पुस्तिकेत स्विचचा उल्लेख नसतो. दुरुस्ती करणाऱ्याची खरी पंचाईत इथे होते. व्हॅनवर बांधलेल्या लहान मोटरहोममध्ये मूळ केबिन शाबूत राहते, त्यामुळे तिथे त्या व्हॅनचेच मॅन्युअल कामी येते.

स्विच बिघडला की दिवे लागतच नाहीत किंवा विझतच नाहीत. विझले नाहीत तर गाडी उभी असताना बॅटरी उतरते. एकाच स्विचवरून क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप कायम राखणारी सोय) आणि गिअरचे कुलूपही चालत असेल, तर क्रूझ लागत नाही, गिअर ‘पार्क’मधून हलत नाही. तरीही डॅशबोर्ड उघडण्याआधी तपासणी करावीच. आधी फ्यूज आणि बल्ब पाहावेत. ब्रेक आणि इंडिकेटर यांचा मागे एकच लाल दिवा असेल, तर ब्रेकचा प्रवाह इंडिकेटरच्या स्विचमधून जातो; म्हणून मधला उंचावरचा दिवा लागतो आणि खालचा एखादाच लागत नाही, तेव्हा दोष ब्रेक स्विचमध्ये नसतो. स्विचच्या एका टोकाला फ्यूजमार्गे सतत सुमारे १२ व्होल्ट यायला हवेत आणि पेडल दाबल्यावर ते दुसऱ्या टोकालाही दिसायला हवेत. तिथे ते मिळत असतील तर स्विच निर्दोष आहे. दोष पुढच्या वायरिंगमध्ये शोधावा.

स्विचचे प्रकार बरेच आहेत. सर्वांत प्रचलित प्रकारात पेडल सुटे असताना स्विचचा प्लंजर, म्हणजे आत-बाहेर सरकणारा खुंट, आत दाबलेला असतो आणि पेडल खाली गेले की तो बाहेर येऊन दिव्यांचा मार्ग जोडतो. फोर्डच्या अनेक जुन्या गाड्यांत स्विच पेडलच्या पिनवरच, मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोरावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागाच्या) दांड्याला धरून बसतो. काही गाड्यांत तो ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. असा स्विच काढल्यावर ऑइल गळते, लाइनमधली हवा काढावी लागते, आणि सांडलेले ऑइल लगेच पुसले नाही तर रंग उतरतो. ऑइलच्या दाबावरच्या स्विचची झिरप किती घातक ठरू शकते, हे फोर्डच्या क्रूझ कंट्रोल बंद करणाऱ्या स्विचवरून दिसले. त्याचे काम वेगळे, पण जागा ब्रेकच्या लाइनवरच. ऑइल विद्युत भागात झिरपून बंद गाडीलाही आग लागण्याचा धोका होता. २००९ मध्ये फोर्डने यासाठी सुमारे ४५ लाख गाड्या परत बोलावल्या आणि त्यांत १९९४ ची एफ-५३ मोटरहोम चासीही होती.

मागे डिझेल इंजिन असलेल्या मोठ्या मोटरहोममध्ये एअर ब्रेक असतात आणि स्विच हवेच्या दाबावर चालतो. तो बहुधा पुढच्या झाकणातून किंवा खालून सापडतो. काढण्यापूर्वी टाक्यांतली हवा पूर्ण सोडावी लागते. इथे एक गोष्ट अजिबात विसरू नये: हवा जाताच एअर सस्पेन्शन, म्हणजे गाडी तोलून धरणारे हवेचे फुगे, खाली बसते. चासी भक्कम स्टँडवर टेकवल्याशिवाय गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते. जॅकवर विसंबू नये.

पेडलपाशी काम करताना गाडी सपाट जागी उभी करून चाकांखाली ठोकळे लावतात. बॅटरी सोडताना चासीची सोडायची असते. घराच्या दिव्यांची बॅटरी वेगळी असते. मग खालचे पॅनेल, स्टिअरिंगखालचे आवरण, गरज पडली तर चालकाची सीटही काढून पाठीवर झोपून आत जायचे. काही गाड्यांत मीटरचे पॅनेल उचलून वरून हात घालणे सोपे पडते. खालून तासभर झगडण्यापूर्वी ही वाट पाहून घ्यावी. कपाळावरचा दिवा, लहान आरसा आणि लांब चोचीची पक्कड जवळ हवी. पिनवरच्या स्विचला केसांच्या पिनेसारखी क्लिप असते. ती निसटली की फरशीच्या फटीत जाते, म्हणून ओढण्याआधी तिला दोरा बांधावा. प्लास्टिकचे वॉशर कोणत्या क्रमाने होते याचा फोटो घ्यावा. क्रम चुकला तर पेडल खडखडते.

नवा स्विच बसवला म्हणजे काम संपले असे नाही, तो नीट जुळवावा लागतो. दातेरी क्लिपच्या प्रकारात स्विच आत ढकलून पेडल हाताने वर ओढायचे. टिकटिक थांबली की स्विच आपल्या जागी आला. पाव फेरा फिरवून बसणाऱ्या काही स्विचांचा प्लंजर एकदाच जुळतो, म्हणून काढलेला स्विच परत वापरत नाहीत. स्विच फार पुढे बसला तर तो पेडलला पूर्ण वर येऊ देत नाही, ब्रेक किंचित लागलेले राहतात आणि तापतात. मागे बसला तर पेडल सुटे असतानाही दिवे जळत राहतात. पेडल जेमतेम हलताच दिवे लागले पाहिजेत.

स्विच पुन्हापुन्हा जळत असेल तर भार मोजावा. २१ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. गाडीचे आणि मागे ओढलेल्या मोटारीचे चार-पाच बल्ब एकाच स्विचवर आले, तर दर ब्रेकला संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते. इतक्या कष्टाने हात पोचलाच आहे, तर दिव्यांचा भार रिलेवर (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचवर) टाकून ब्रेक स्विचला फक्त रिलेची कॉइल चालवायला द्यावी. एलईडी दिवे लावले तरी भार पुष्कळ उतरतो. मात्र ओढलेल्या गाडीचे दिवे त्यानंतर वेगळे तपासावे लागतात.