मुठेल आणि मासळीचं पथ्य: कोकणातल्या इसबाच्या उपायांमागचा इतिहास

चिवट इसबावर कोकणात दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. कातडीला मुठेल, म्हणजे रातांब्याच्या बियांचं घट्ट तेल, लावा आणि मासळी सोडा. दोन्ही सल्ले जुने आहेत, पण त्यांची मुळं वेगळी आहेत. आजच्या माहितीवर पारखले तर पहिला बराचसा खरा उतरतो, दुसरा क्वचितच.

पथ्याचं मूळ ग्रंथांत आहे. वैद्य इसबाला विचर्चिका म्हणतात. चरकसंहितेत १८ कुष्ठं, म्हणजे कातडीचे विकार, सांगितली आहेत, त्यातल्या ११ क्षुद्रकुष्ठांत, म्हणजे किरकोळ विकारांत, ती येते. चरकाची विचर्चिका खाजरी, सावळ्या पुळ्यांची, भरपूर स्रवणारी आहे. सुश्रुताची मात्र रुक्ष, रेघारेघांची, दुखरी. इसब लसतो आणि सुकून चिरतोही, हे पाहिलेल्या माणसाला दोन्ही वर्णनं ओळखीची वाटतील. कुष्ठाच्या कारणांत चरकानं विरुद्ध आहाराबरोबर नवं धान्य, दही, मासे, फार खारट-आंबट, उडीद, मुळा, तीळ, दूध, गूळ अशी लांबलचक यादी दिली आहे. ही कारणं सगळ्याच कुष्ठांची आहेत, एकट्या विचर्चिकेची नव्हेत. किनाऱ्यावर त्या यादीतली मासळीच तेवढी ठसली, कारण ती रोज ताटात असते.

मासळीवर संशय येण्याचं आणखी एक कारण आहे. बांगडा, तारली, सुरमई बर्फाविना राहिली की जंतू तिच्यात हिस्टामिन तयार करतात. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल होतं, अंग खाजतं, आणि बहुधा काही तासांत सगळं ओसरतं. ही शिळ्या मासळीची बाधा आहे. तिचा दोष ताज्या बांगड्यावर टाकून मुलाचं मुख्य प्रथिनच तोडलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

मुठेलाची गोष्ट स्वयंपाकघरातली. रातांब्याच्या बिया वाळवून फोडायच्या, गर कुटून पाण्यात उकळायचा, वर आलेली चरबी काढून निववायची आणि मुठीत दाबून गोळे वळायचे. टाचांच्या भेगांसाठी ते वर्षभर घरात असतात. गोळा घट्ट असतो. कातडीवर तसाच घासला तर खरवडतो, म्हणून पळीत जरासा वितळवून कोमट झाल्यावर लावतात.

याचा उपयोग का होतो, ते अलीकडे उलगडलं. २००६ मध्ये फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष इसबाशी जोडले गेले. अशा कातडीत पाणी टिकत नाही आणि बाहेरचं त्रासदायक सहज आत शिरतं. मुठेल पाणी देत नाही, असलेलं अडवतं. म्हणून कोमट पाण्यानं ५ ते १० मिनिटांत अंघोळ उरकायची, अंग न घासता टिपायचं आणि ओल असतानाच लावायचं, दिवसातून दोनदा तरी. फिलिपिन्समध्ये मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. मोहरीचं तेल मात्र नको, ते कातडीचा पडदा बिघडवतं. लसणाऱ्या जागी कुठलंच तेल थापू नये. कडुनिंबाचा लेप उघड्या कातडीवर चुरचुरतो. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावतात, ते इसबावर लावलं तर आंबटपणानं आग होते. बिब्बा तर स्वतःच कातडी जाळतो.

१९५२ मध्ये सल्झबर्गर आणि विटेन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचा लेप त्वचारोगांवर वापरून पाहिला आणि इसबाच्या उपचाराचं चित्रच पालटलं. पुढे आपल्याकडे स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीविना खपू लागली. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी झालेला नायटा इसब समजून त्यांनी दाबला गेला आणि पसरत गेला. २०१८ मध्ये अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, आली. योग्य ताकदीचं मलम डॉक्टरांच्या सांगण्यानुसार थोडे दिवस आणि मुठेल रोज, ही सांगड सर्वांत उपयोगी.

पथ्य करायचंच असेल तर एका वेळी एकच पदार्थ २ ते ४ आठवडे बंद करा, रोज खाजेची नोंद ठेवा आणि मग तो पुन्हा सुरू करून पाहा. इसबाच्या मुलांत खरी ॲलर्जी बहुधा अंडं किंवा दुधाची निघते. ज्या पदार्थानं पूर्वी दोन तासांच्या आत गांधी, सूज किंवा उलटी झाली, तो घरी परत देऊ नका, रुग्णालयातच द्या. बराच काळ बंद ठेवलेला पदार्थ एकदम दिल्यानं काही मुलांना तीव्र रिॲक्शन आल्याचं नोंदलेलं आहे. पिवळी खपली, ताप किंवा खळगे पडल्यासारखे दुखरे फोड दिसले तर पथ्य आणि मुठेल बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.