सेवा वेगळी, न्याय वेगळा: मंडळीच्या अहवालातली जुनी गल्लत

चर्चची मंडळी मोठ्या उत्साहाने सामाजिक न्याय समिती नेमते. वर्षअखेरीच्या अहवालात त्या समितीच्या नावावर असतं काय? ब्लँकेटवाटप, वह्यावाटप आणि एक आरोग्य शिबिर. तिन्ही कामं चांगली, पण ती सेवा समितीची. न्यायाचं पान कोरंच राहिलं, आणि ते कोरं आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

सेवेबद्दल फार सांगायला नको, ती मंडळीच्या अंगवळणी पडलेली आहे. भुकेल्याला जेवण, आजाऱ्याला औषध, दानार्पणातून कुणाची फी. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेवरच्या जखमीला उचललं, तेव्हा हे कसं झालं याची चर्चा करत उभं राहणं क्रूरपणाचं झालं असतं. काही वेळा आधी उचलायचंच असतं.

सेवा आणि न्याय यांतले काही फरक किरकोळ आहेत. सेवेचं फळ लगेच दिसतं, न्यायाला महिने, कधी वर्षं लागतात. सेवेला पैसा जास्त लागतो, न्यायाला बैठका. ‘न्याय म्हणजे राजकारण’ ही भीती मात्र नाहक आहे: उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, आणि सत्ताधाऱ्यापुढे जी मागणी ठेवली तीच विरोधकापुढेही ठेवायची, एवढं पथ्य पुरतं.

घोळ होतो तो मुख्य फरकात. न्याय म्हणजे मोठ्या प्रमाणावरची, कायमस्वरूपी सेवा, असं बहुतेकांनी धरलेलं असतं. शंभर शिधापिशव्यांच्या हजार केल्या तरी ती सेवाच राहते. कुणाला, किती, केव्हा द्यायचं हे सेवेत देणारा ठरवतो. न्यायाच्या कामात ज्याला झळ बसते तो ठरवणाऱ्यांमध्ये येऊन बसतो, आणि ज्या नियमामुळे झळ बसत होती तो नियम बदलतो.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा 6वा अध्याय उघडा. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती, म्हणून कुरकुर झाली. प्रेषितांनी त्या विधवांसाठी थोडं जादा अन्न धाडून वेळ मारून नेली नाही. मंडळीला सात माणसं निवडायला सांगितलं आणि वाटणीची व्यवस्थाच त्यांच्या हाती दिली. ती नावं मोठ्याने वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, कोठाराच्या किल्ल्या त्याच गटाकडे गेल्या असं त्यावरून दिसतं. प्रवचनात या उताऱ्यावरून सेवकांच्या नेमणुकीबद्दल पुष्कळ बोललं जातं आणि हा तपशील हमखास सुटतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातली विधवाही न्यायाधीशाकडे धान्य मागायला जात नाही, निवाडा मागायला जाते.

अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं. तिथल्या चर्चच्या अन्नवाटपाच्या रांगेत पूर्णवेळ नोकरी करणारी माणसं दिसू लागली. मंडळ्यांनी एकत्र येऊन आणि कामगार संघटनेला सोबत घेऊन शहर प्रशासनाकडे मागणी लावून धरली. 1994मध्ये शहराच्या कंत्राटदारांसाठी किमान वेतनाचा वेगळा कायदा झाला: देशाचं किमान वेतन ताशी 4.25 डॉलर असताना सुरुवातीचा दर 6.10 डॉलर. सुरुवात झाली होती ती मात्र रांगेतल्या माणसाला प्रश्न विचारण्यापासून.

म्हणून सुरुवात वाटपाच्या टेबलावर एक वही ठेवून करा. प्रश्न तीनच: घरात कमावतं कोण, या महिन्यात नेमकं कशाने कमी पडलं, आणि तो निर्णय कुणाचा होता. पिशवी आधी हातात द्यायची, प्रश्न नंतर, आणि उत्तराची सक्ती नको. क्रम उलटा केला की ती चौकशी होते आणि माणसं खोटं बोलू लागतात. नावं लिहू नका. तीन महिन्यांनी वही उघडली की एखादं कारण पुन्हा पुन्हा आलेलं दिसेल. मग त्यावर आठ-दहा जणांच्या घरगुती बैठका घ्या. बैठकीत निम्मे तरी लोक झळ बसणारे हवेत. ‘आम्ही मुक्यांचा आवाज’ हे वाक्य कृपा करून पत्रकातून काढून टाका. ती माणसं मुकी नाहीत, त्यांना बोलावलेलं नसतं.

त्यानंतर समस्येचं मागणीत रूपांतर करावं लागतं, आणि बहुतेक समित्या इथेच गळपटतात. ‘सफाई कामगारांचे हाल’ ही समस्या झाली. ‘पुढच्या कंत्राटात दर महिन्याच्या 7 तारखेपर्यंत पगार देण्याची अट घाला’ ही मागणी झाली. समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येत नसेल, तर ती मागणी अजून तयार नाही. आणि ती घेऊन बाहेर पडण्याआधी चर्चच्या आवारातला पहारेकरी, झाडलोट करणारी बाई, शाळेतले शिक्षक यांना वेळेवर आणि पुरेसा पगार मिळतो का ते पाहा. अडकवलेल्या मजुरीबद्दल याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात जे लिहिलंय ते आपल्याच खजिनदाराला लागू पडत असेल, तर बाहेर बोलायचा अधिकार राहत नाही.

अधिकाऱ्याकडे जाताना तीन वक्ते पुरेत, प्रत्येकी दोन मिनिटं, आणि तिघेही झळ बसणारे. पाळकांनी बैठक चालवावी, भाषण करू नये. शेवटी प्रश्न सरळ विचारायचा, मिळालेलं उत्तर तिथेच लिहून वाचून दाखवायचं आणि पुढची तारीख घेऊनच उठायचं. निवेदन देतानाचा फोटो काढून परतणं म्हणजे काम अर्ध्यावर टाकणं.

यात खरा धोका आहे तो पुढे होऊन बोलणाऱ्या कामगाराला. त्याची नोकरी जाऊ शकते. एकट्याचं नाव पुढे करू नका, आणि कुणाला काढलंच तर त्याचं घर किती महिने चालवायचं हे मंडळीने आधी ठरवून तेवढी रक्कम बाजूला ठेवावी. त्या दिवशी सेवा समितीची गरज सर्वांत जास्त पडते, म्हणून मागणी मान्य होईपर्यंत शिधावाटपही बंद करू नये.

पुढच्या अहवालात न्याय समितीच्या पानावरचा ‘किती जणांना दिलं’ हा रकाना खोडा. तिथे चार रकाने आखा: मागणी, निर्णय कुणाच्या हाती, त्यांनी दिलेलं उत्तर, पुढची तारीख.