चिनी मोटार उद्योग : ५०-५० चा घोळ आला कुठून

चीनमधल्या परदेशी मोटार कंपन्यांचा विषय निघाला की ‘५०-५०’ येतेच, म्हणजे संयुक्त उपक्रमात निम्मा हिस्सा परदेशी कंपनीचा, निम्मा चिनी भागीदाराचा. पण १९७९ च्या संयुक्त उपक्रम कायद्यात परदेशी हिश्श्याला वरची मर्यादाच नव्हती. तो साधारणपणे २५ टक्क्यांपेक्षा कमी नसावा, एवढेच त्यात म्हटले होते. त्यामुळे पहिल्या करारांतले आकडे वेगवेगळे दिसतात. बीजिंग जीप या उपक्रमात अमेरिकी बाजूकडे ३१.३५ टक्के होते. ग्वांगझूला प्यूजोकडे २२, आणि सोबत आलेल्या फ्रेंच बँकेकडे ४. शांघायला फोक्सवॅगनने ५० टक्के घेतले, पण समोरचे ५० एकाच्या हातात नव्हते. ते २५, १५ आणि १० असे तिघांत वाटलेले होते.

त्या काळात खरी अडचण हिश्श्याची नव्हती, डॉलरची होती. जुळणीसाठी सुट्या भागांचे संच परकीय चलनात यायचे आणि गाडी विकली जायची युआनमध्ये. १९८६ मध्ये बीजिंग जीपचे काम याच कारणाने अडले. शांघायला बनणाऱ्या फोक्सवॅगनच्या सँटाना गाडीत १९८७ मध्ये स्थानिक माल २.७ टक्के होता : टायर, रेडिओ, हॉर्न, एरियल आणि नावाच्या पट्ट्या. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक सँटानामागे २८,००० युआन जादा वसूल करून ते सुटे भाग बनवणाऱ्यांच्या यंत्रसामग्रीसाठी वळवले गेले. भार ग्राहकावर पडला, पण स्थानिकीकरण झाले ते यामुळेच. तंत्रज्ञान करारातल्या कलमांनी आले, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे.

निम्म्या हिश्श्याची अट आली ती १९९४ च्या मोटार धोरणात. पूर्ण गाडी आणि इंजिन बनवणाऱ्या उपक्रमात चिनी हिस्सा ५० टक्क्यांपेक्षा कमी नको, आणि एका परदेशी कंपनीला एका प्रकारच्या वाहनासाठी दोनपेक्षा जास्त भागीदार नकोत. सुट्या भागांना ही अट नव्हती, म्हणून परदेशी पुरवठादार पुढे शंभर टक्के मालकीचे कारखाने काढू शकले. गाडीवर चिनी बाजूचा निम्मा हक्क, पण आतल्या महत्त्वाच्या भागांचा नफा बाहेर, ही विसंगती तिथूनची.

दोन भागीदारांच्या अटीचा परिणाम शोरूममध्ये दिसतो. होंडाची सीआर-व्ही एका भागीदाराकडे, तिचीच जुळी ब्रीझ दुसऱ्याकडे. सिव्हिक इकडे, इंटेग्रा तिकडे. बंपर, दिवे आणि नाव बदलायचे, खालचा सांगाडा तोच. मर्यादा परदेशी कंपनीला आवर घालायला होती, पण दोन चिनी भागीदारांना एकमेकांसमोर उभे करण्याची सोय तिनेच करून दिली.

‘निम्मा’ म्हणजे निम्मा ताबा नव्हे, हे बहुतेक बातम्यांत निसटते. संचालक मंडळात जागा समसमान असल्या तरी प्लॅटफॉर्म (गाडीचा खालचा सांगाडा), ब्रँड आणि रेखाचित्रे परदेशी बाजूचीच. नफ्याची वाटणी होण्याआधी रॉयल्टी आणि आयात भागांची किंमत वळती होते, म्हणजे परदेशी भागीदाराच्या पदरात निम्म्याहून जास्त पडते. हिशेबात मात्र उलटे. ५० टक्के हिस्सा असेल तर उपक्रमाची उलाढाल परदेशी कंपनीच्या खात्यात येत नाही, फक्त नफ्यातला वाटा एका ओळीत येतो. विकलेल्या गाड्यांच्या संख्येत चीन दिसतो, महसुलात दिसत नाही.

म्हणूनच १ टक्क्याला किंमत आली. डिसेंबर २००९ मध्ये, दिवाळखोरीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या जनरल मोटर्सने शांघायच्या उपक्रमातला १ टक्का चिनी भागीदार साइकला सुमारे साडेआठ कोटी डॉलरना दिला. ५१:४९ झाल्यामुळे साइकला उलाढाल स्वतःच्या ताळेबंदात धरता आली. २०१२ मध्ये तो टक्का परत गेला, पण वेगळ्या काढलेल्या विक्री कंपनीत ५१:४९ कायम राहिले. त्याच डिसेंबरच्या व्यवहारात जनरल मोटर्सचा भारतातला धंदाही साइकसोबतच्या निम्म्या भागीदारीत गेला. हलोलसोबत आपले तळेगावही त्यात होते, हे इथे फारसे कुणाच्या लक्षात नाही.

२०१८ मध्ये परदेशी हिश्श्यावरची मर्यादा उठवण्याचे वेळापत्रक आले : विजेवरच्या गाड्या लगेच, व्यावसायिक वाहने २०२०, प्रवासी गाड्या २०२२. टेस्लाचा शांघायचा कारखाना भागीदाराशिवाय उभा राहिला. बीएमडब्ल्यूने फेब्रुवारी २०२२ मध्ये चीनमधल्या उपक्रमातला आपला हिस्सा ७५ टक्क्यांवर नेला. बाकीचे बहुतेक ५०-५० वरच थांबले, कारण तोवर त्यांच्या पेट्रोल गाड्यांचा खप उतरणीला लागला होता आणि उतरणीवर जादा हिस्सा कोण विकत घेणार? सुझुकी २०१८ मध्ये बाहेर पडली होती, मित्सुबिशीने २०२३ मध्ये उत्पादन थांबवले.

त्याच वर्षी फोक्सवॅगनने शाओपेंग या विजेवरच्या गाड्या बनवणाऱ्या चिनी कंपनीतले ४.९९ टक्के सुमारे ७० कोटी डॉलरना घ्यायचे ठरवले, ते शाओपेंगच्या तंत्रज्ञानावर गाड्या बनवण्यासाठी. प्यूजोची मालक असलेल्या स्टेलांटिसने लीपमोटर या चिनी कंपनीसोबत तिच्या गाड्या चीनबाहेर विकण्यासाठी कंपनी काढली. तिथेही आकडा ५१:४९ च आहे. ५१ परदेशी बाजूचे, गाडी चिनी.