टीएसएच वाढला म्हणजे आमचं मशीन बिघडलं, असं नव्हे

थायरॉईडची गोळी चालू असलेल्या गरोदर ताईंचा टीएसएच (थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) जास्त आला की आमच्या लॅबच्या काउंटरवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "गोळी रोज घेते, मग रिपोर्ट असा कसा?" दुसरंही ठरलेलं: "परत करून द्या."

देतो. तोच नमुना पुन्हा लावतो, पैसे घेत नाही. आकडा बहुतेक वेळा तोच येतो. मग आम्ही विचारतो, गोळी घेता कशी? मागच्या पावसाळ्यात हर्णैकडच्या एका ताईंनी तळहातावर मांडूनच दाखवलं: थायरॉईडची इवलीशी गोळी, सरकारी दवाखान्यातली लाल लोहाची आणि खडूच्या तुकड्याएवढी कॅल्शियमची. "विसरायला नको म्हणून तिन्ही एकदम घेते, दुधाबरोबर."

घोळ इथेच आहे. लोह आणि कॅल्शियम पोटातच थायरॉईडच्या गोळीला धरून ठेवतात, ती रक्तात पुरती उतरत नाही. उठल्याबरोबर फक्त थायरॉईडची गोळी घ्या, साध्या पाण्याने. चहा-दूध पाऊण-एक तासाने. लोह आणि कॅल्शियम किमान 4 तासांनी, तेही एकमेकांपासून वेगळ्या वेळी. कॅल्शियम दुपारी जेवताना घेतलंत तर लोहाला संध्याकाळ मोकळी राहते. गोळ्यांची डबी चुलीवरच्या फळीवर ठेवू नका; आपल्याकडची दमट हवा आणि ऊब तिला सोसत नाही.

गोळी नीट घेऊनही आकडा वाढू शकतो, कारण दिवस गेल्यावर या औषधाची गरजच 25 ते 50 टक्क्यांनी वाढते. सुरुवातीचे तीन महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. त्यामुळे दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घ्या. बाळाच्या काळजीने गोळी बंद तर मुळीच करू नका. "आम्ही रोज मासे खातो, आम्हाला कसला थायरॉईड?" हेही ऐकतो. बांगडा खुशाल खा, पण तो गोळीची जागा घेत नाही.

पाचव्या महिन्यापर्यंत दर 4 आठवड्यांनी आणि पुढे 30व्या आठवड्याच्या सुमारास तपासणी लागते. लॅबचा गल्ला भरायला हे सांगत नाही, डोस त्यावरूनच ठरतो. गोळी चालू असलेल्या गरोदर बाईचा टीएसएच डॉक्टर साधारण 2.5च्या खाली ठेवतात. आमच्या रिपोर्टवर गरोदरपणाची मर्यादा वेगळी छापलेली असते. मुंबईहून सातव्या महिन्यात माहेरी येणाऱ्यांनी जुने रिपोर्ट आणावेत. लॅब बदलली की आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

टीएसएचसाठी उपाशी यायला नको, पहिल्या एसटीने धावत तर नकोच. त्या दिवशीची गोळी मात्र रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असेल तर आधी सांगा, त्याने आकडा फसतो.

बाळंतपणानंतर डोस सहसा पूर्वीवर येतो आणि 6 आठवड्यांनी पुन्हा टीएसएच बघतात. तेव्हा तान्ह्याला घेऊन आमच्या पायऱ्या चढू नका. निरोप द्या, आमच्या लॅबमधली मुलगी घरी येऊन रक्त नेईल.