टिपणवहीच्या भरवशावर : बनावट बातम्या तपासणीतून कशा सुटल्या

अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या नियतकालिकांत छपाईआधी मजकूर पडताळणारे वेगळे लोक असतात. नाव, हुद्दा, तारीख, अंतर, आकडा यांना बाहेर दुसरा आधार मिळाला की त्या शब्दावर पेन्सिलीने काट. आधार मिळण्यासारखा नसेल, म्हणजे बंद खोलीतलं संभाषण किंवा निनावी माणूस असेल, तर बातमीदाराची टिपणं ग्राह्य धरली जातात. बनाव रचणाऱ्यांनी नेमकी हीच फट धरली. दैनिकात तर असा विभागही सहसा नसतो. संपादकाने विचारलेले प्रश्न हीच तपासणी.

‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये ते प्रश्न विचारलेच गेले नाहीत. २८ सप्टेंबर १९८० रोजी जॅनेट कुक यांची बातमी पहिल्या पानावर आली : हेरॉइनच्या आहारी गेलेला आठ वर्षांचा मुलगा. गोपनीयतेचं वचन दिलंय म्हटल्यावर वरिष्ठांनी खरं नावही मागितलं नाही. पोलिसांनी शहर पालथं घातलं, मुलगा सापडला नाही, तरी एप्रिल १९८१ मध्ये पत्रकारितेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार मिळाला! बिंग फुटलं ते पुरस्कारासोबतच्या कुक यांच्या परिचयातल्या पदव्यांमुळे. कुक यांच्या आधीच्या वर्तमानपत्राकडची माहिती त्यांच्याशी जुळेना. दोन दिवसांत पुरस्कार परत गेला.

स्टीफन ग्लास यांचं प्रकरण जास्त शिकवणारं आहे. ‘द न्यू रिपब्लिक’ या अमेरिकी नियतकालिकात त्यांनी स्वतः पडताळणीचं काम केलं होतं, त्यामुळे कुठे काय विचारतात हे त्यांना पाठ होतं. म्हणून ते पुरावेही तयार करून देत. मे १९९८ मध्ये त्यांनी ‘ज्युक्ट मायक्रॉनिक्स’ या कंपनीबद्दल लिहिलं : तिच्या संगणकांत घुसलेल्या शाळकरी हॅकरलाच कंपनी नोकरीवर घेते. ‘फोर्ब्ज’च्या वेब आवृत्तीतले ॲडम पेनेनबर्ग शोध घेऊ लागले, तर कॅलिफोर्नियाच्या कर खात्यात कंपनीची नोंदच नाही. ‘फोर्ब्ज’च्या दोघांनी कंपनीला एकाच वेळी फोन लावला तेव्हा एकाला एंगेज टोन मिळाला. एवढी मोठी कंपनी आणि लाइन एकच. वेबसाइट म्हणजे एओएल या इंटरनेट सेवेच्या सदस्यांसाठीचं एक साधं पान. संपादक चार्ल्स लेन ग्लासना घेऊन वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाला गेले. हॅकरांची परिषद रविवारी जिथे भरल्याचं लेखात छापलं होतं, ती इमारत रविवारी बंद असते. पुढच्या चौकशीत ४१ पैकी २७ लेखांत बनाव निघाला.

जर्मनीच्या ‘डेर श्पीगेल’ साप्ताहिकाकडे पडताळणीला सुमारे ६० माणसं होती. तरीही त्यांचे बातमीदार क्लास रेलोटियस यांचे बनावट लेख वर्षानुवर्षं छापले गेले. २०१८ मध्ये एका लेखातले सहलेखक हुआन मोरेनो यांनी शंका घेतली, तर आधी त्यांच्याकडेच संशयाने पाहिलं गेलं. मोरेनो यांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनात जाऊन त्या लेखातल्या माणसांना गाठल्यावर ती म्हणाली, रेलोटियस आम्हाला भेटलेच नाहीत.

इथे टिपणवहीची सबबही पुरी पडत नाही. मिनेसोटातल्या फर्गस फॉल्सवरच्या २०१७ च्या लेखात रेलोटियस यांनी लिहिलं होतं की गावच्या थिएटरात दोन वर्षांपूर्वीचा एक युद्धपट अजून चालू आहे. थिएटरला एक फोन लावला असता तरी हे खोटं असल्याचं कळलं असतं.