बोट सरकलं की बेस बदलतो

हौशी बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्याला एकाच संध्याकाळी बऱ्याच गावांना जाऊन यावं लागतं. सुरुवातीला ब्लूज, मग रेगे, मध्येच कुणाला फंक हवं असतं आणि शेवटी सत्तरच्या दशकातलं एखादं हिंदी गाणं. गिटारवाला पायाखालची पेडल दाबून आवाज बदलतो, कीबोर्डवाला बटण दाबतो. बेसवाल्याकडे बहुधा एकच वाद्य, चार तारा आणि दोन-तीन नॉब. तरी वादक तयारीचा असेल, तर चार गाण्यांत चार निराळी वाद्यं ऐकल्यासारखी वाटतात. मी स्वतः अशाच बँडमध्ये वाजवतो. या वाद्यामागचं विज्ञान थोडं समजलं, की नव्या शैलीची धास्ती निम्मी उतरते, असं माझं ठाम मत आहे. शैली बदलते तेव्हा सुरांपेक्षाही दोन गोष्टी जास्त बदलतात: सुराच्या पोटातल्या उपस्वरांचं, म्हणजे मूळ स्वरासोबत निघणाऱ्या वरच्या सुरांचं प्रमाण, आणि सूर नेमका कधी सुरू होऊन कधी थांबतो ते.

लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस विक्रीला आणला. त्याआधी बँडमध्ये माणसापेक्षा उंच डबल बेस असायचा. तो नेणं-आणणं जिकिरीचं, आणि ड्रम्स-ट्रम्पेटच्या गलक्यात तो नीट ऐकूही यायचा नाही. फेंडर यांच्या वाद्यात तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर होती. गळ्यावर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, असल्यामुळे सूर नेमका लागायचा. चार मोकळ्या तारा आजही तशाच लावतात: साधारण ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांवर.

४१ हर्ट्झ म्हणजे फार खालचा सूर. मोबाइलचा स्पीकर इतका खालचा आवाज जवळजवळ काढतच नाही, तरी फोनवर बेसची चाल ओळखू येते. याचं कारण असं, की तार कधीच एका वारंवारतेनं हलत नाही. ४१ च्या सोबत साधारण ८२, १२४, १६५ असे उपस्वर निघतच असतात. हे सगळे एकाच आकड्याच्या पटीत आहेत हे मेंदू हेरतो आणि कानापर्यंत न पोचलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी तळहाताएवढ्या स्पीकरच्या ट्रान्झिस्टरवर लागायची, आणि त्यातला बेस घराघरांत ऐकू गेला तो मेंदूच्या याच करामतीमुळे.

म्हणजे बेसचा आवाज ठरवण्यात मूळ स्वराइतकाच उपस्वरांचा वाटा आहे, आणि ते बऱ्याच अंशी उजव्या हाताच्या ताब्यात असतात. तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा निःस्पंद बिंदू येतो, म्हणजे जिथे तो उपस्वर हलतच नाही, तो उपस्वर जागा होत नाही. सर्वांत जाड तार बरोबर मध्यावर, बाराव्या फ्रेटवर छेडून पाहा. मूळ स्वर पहिला धरला, तर दुसरा, चौथा, सहावा असे सम उपस्वर गळून पडतात आणि आवाज पोकळ, गोल येतो. वीस फ्रेटच्या बेसवर गळा जिथे संपतो, तिथून ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या खालच्या घोडीपर्यंत, तारेचा जवळपास एक तृतीयांश भाग उरतो. तिथे छेडलं की तिसरा, सहावा, नववा उपस्वर दुबळे होतात आणि मूळ स्वर भरदार येतो. रेगेचा बेस इथला. टोनचा नॉबही खाली करायचा, म्हणजे त्याला जोडलेला कपॅसिटर उरलेल्या वरच्या वारंवारताही वळवून घेतो. आता बोट ब्रिजपासून आठ-नऊ सेंटिमीटरवर आणा. ही जागा तारेचा सुमारे एक दशांश भाग. पहिले नऊच्या नऊ उपस्वर जागे, मूळ स्वर तुलनेनं कमी, आवाज कोरडा आणि टोकदार. वेगवान जॅझ-फंकला हीच जागा लागते. हात पंधरा-वीस सेंटिमीटर हलला, बाकी काहीच बदललं नाही. नवं पेडल विकत घेण्याआधी हे करून बघावं, असा माझा आग्रह राहील.

सोल संगीतासाठी गाजलेल्या, अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओतले बेसवादक जेम्स जेमरसन एकट्या तर्जनीनं वाजवत. त्यांच्या तारा सपाट गुंडाळीच्या, आणि तुटेपर्यंत ते त्या बदलत नसत. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा असे. जुन्या तारेत आणि स्पंजवर टेकलेल्या तारेत वरचे उपस्वर सर्वांत आधी विझतात, सूरही लवकर संपतो. त्यामुळे किक ड्रमला, म्हणजे पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला, जागा मिळते आणि बेसची एवढी गजबजलेली चालही स्वच्छ ऐकू येते. सोलची गाणी नव्याकोऱ्या चकचकीत तारांवर वाजवणाऱ्यांनी ब्रिजपाशी स्पंज खोचून पाहावा. फरक लगेच कळतो.

दुसरं टोक म्हणजे स्लॅप. अमेरिकेतले बेसवादक लॅरी ग्रॅहम आईसोबत वाजवत असत, तेव्हा त्यांच्याकडे ड्रमर नव्हता. त्यांनी अंगठ्याचा ठोका किक ड्रमच्या जागी आणि बोटानं ओढून सोडलेली तार स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमच्या जागी वापरली. यात तार फ्रेटच्या धातूवर आदळते आणि ऊर्जा एकदम काही हजार हर्ट्झपर्यंत पसरते. आपला कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो, त्यामुळे आवाज न वाढवताही स्लॅप गर्दीतून वर येतो.

फ्रेट नसलेला बेस मात्र आपल्याला ओळखीचा वाटावा. अमेरिकेतले जॅझवादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या बेसचे फ्रेट काढून टाकले होते, आणि १९७६ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमनंतर तो गुणगुणता आवाज जगभर पोचला. तार लाकडाला किंचित घासत हलते आणि सूर उमलत गेल्यासारखा वाटतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, तेव्हा घोडीच्या वक्रतेतून तार अशीच घासती ठेवतात. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणेविषयी लिहिताना दाखवलं, की छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर गायब व्हायला हवेत, तेही या वाद्यांत ऐकू येतात. वर सांगितलेला नियम जवारी मोडते, आणि या गोष्टीचा मला विलक्षण आनंद वाटतो.

घरी बसवलेलं सगळं तालमीच्या खोलीत बिनसतं, त्यालाही कारणं आहेत. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९३३ साली मोजमापं प्रसिद्ध केली: हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात. १००० हर्ट्झच्या ४० डेसिबल आवाजाइतका ४० हर्ट्झचा सूर भासायला सुमारे ४० डेसिबल जास्त लागतात. आवाज मोठा झाला की ही तफावत घटते. म्हणून घरी हळू आवाजात बेसचा नॉब चढवून बसवलेला टोन बँडमध्ये मोठ्यानं वाजताना चिखल होतो. टोन नेहमी बँडच्या आवाजातच ठरवावा.

खोलीचंही स्वतःचं म्हणणं असतं. ४ मीटर लांबीची खोली घ्या, तापमान ३० अंश. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४९ मीटरच्या आसपास. समोरासमोरच्या भिंतींमध्ये पहिला स्थिर तरंग, म्हणजे काही जागी घुमणारा आणि काही जागी गप्प राहणारा ध्वनी, ४३.६ हर्ट्झला बसतो, आणि जाड तारेवरच्या पहिल्या फ्रेटचा एफ हा सूर जवळजवळ नेमका तिथेच आहे. भिंतीला टेकून उभा असलेला ड्रमर म्हणतो एफ घुमतोय, खोलीच्या मधोमध उभी असलेली गायिका म्हणते तो सूर वाजतच नाही. दोघांचंही खरं असतं. ॲम्प कोपऱ्यातून बाहेर काढला, तरी बरंच निवळतं.

गिटारवरून बेसकडे वळलेल्यांना आणखी एक सवय सोडावी लागते: कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी अनेक सूर, धरण्याची. खालच्या ४१ हर्ट्झच्या ई सोबत लगतचा जी शार्प, म्हणजे ५२ हर्ट्झ, वाजवला की सेकंदाला अकराएक विस्पंद, म्हणजे आवाजाचे चढ-उतार, होतात आणि नुसती घरघर ऐकू येते. तोच जी शार्प एक सप्तक वर नेला, की जोडी गोड लागते.

आता वेळेचं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पियानोचा एक खालचा आणि एक वरचा सूर ते एकत्र ऐकवत, आणि अधूनमधून त्यांपैकी एकच ५० मिलिसेकंद आधी येई. खालचा सूर आधी आला की मेंदूची विद्युत प्रतिक्रिया जास्त ठळक उमटे. तालावर बोट टेकवणाऱ्यांचं बोटही खालच्या सुरामागेच जास्त सरके. लयीचा हिशेब मेंदू खालच्या सुरावरून ठेवतो. त्यामुळे लीड गिटार जरा मागेपुढे झालं तर खपून जातं, बेस घसरला तर अख्खा बँड घसरल्यासारखा वाटतो. जॅझच्या वॉकिंग नावाच्या चालीत चारही मात्रांवर सूर हवा, फंकमध्ये पहिल्या मात्रेवर पूर्ण भार, आणि रेगेत अनेकदा तीच पहिली मात्रा कोरी सोडायची.

सूर थांबवणं हे डाव्या हाताचं काम. बोट तारेवरून न उचलता नुसतं सैल करायचं, म्हणजे तार गप्प होते. एकाच सुराचा आठ मात्रांचा रियाज करा: चार मात्रा सूर पुढच्या सुरापर्यंत ताणून, चार मात्रा निम्म्यावर तोडून. फोनवर रेकॉर्ड करून इअरफोन लावून ऐका, आणि लक्ष फक्त सुरांच्या शेवटांकडे ठेवा.