आकडे ओरडणारा तिसरा माणूस

रत्नागिरीत मिरकरवाड्याकडच्या लेथवाल्यापुढे सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरनं दिलेल्या आकड्यांवर चालणाऱ्या मशीनचा, विषय काढा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "नग किती?" ट्रॉलरचा शाफ्ट झिजला, पंख्याचा बुश ढिला झाला, तर काम एका नगाचं आणि घाई बोट सुटायची. एका नगासाठी प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा हातानं कट मारलेला परवडतो. त्याचा हिशोब चुकीचा नाही.

गंमत म्हणजे सीएनसीचा जन्मही आकड्यांच्या कटकटीतूनच झाला. 1940च्या दशकात अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. पात्याच्या वक्राचे बिंदू पंचकार्डांच्या यंत्रावर काढले, पण मिलिंग मशीनला ते सांगणार कोण? मग एक माणूस आकडे मोठ्यानं वाचायचा आणि दोघं एकेक हँडल फिरवायचे. या तिघांना बाजूला करण्यासाठी हवाई दलानं पैसा दिला आणि 1952 मध्ये एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठानं कागदी टेपवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. 1970च्या दशकात टेपच्या जागी मशीनमध्येच कॉम्प्युटर बसला. एनसीचं, म्हणजे टेपवरच्या आकड्यांनी चालणाऱ्या मशीनचं, सीएनसी झालं ते तेव्हा. मशीनची बोली मात्र फारशी बदलली नाही. सरळ कटाला जी-शून्य-एक हा कोड आजही चालतो.

आता पाच अक्षांची मशीनं, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चढवणारे रोबोट, ड्रॉइंगवरून स्वतः प्रोग्रॅम काढणारं सॉफ्टवेअर, असं बरंच काही आलंय. मला त्यातला प्रोब, म्हणजे टेकून जागा ओळखणारी काडी, सर्वांत मोलाचा वाटतो. पूर्वी सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, कागदाची पट्टी जॉबवर धरून टूल हळूहळू खाली आणायचा, पट्टी अडकली की शून्य, म्हणजे मोजमाप जिथून सुरू होतं ती जागा, पकडायचा. आता प्रोब टेकतो आणि शून्य आपोआप नोंदलं जातं.

आमच्याकडे सामान्य माणसाला सीएनसी दिसलं ते लाकडात. सावंतवाडीच्या चितारआळीला लाकूड कातणं काही नवं नाही. पण दाराच्या फळीवर, देव्हाऱ्यावर नक्षी कोरणारा सीएनसी राउटर ही अलीकडची गोष्ट. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, त्यानंतर एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, मखरांनाही मागणी आली. श्रावणात मुंबईहून भाचा व्हॉट्सअ‍ॅपवर डिझाइन पाठवतो, इथे फळी कापली जाते.

आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. साध्या राउटरला आपण कुठे होतो ते आठवत नाही. वीज आली की मशीन होमला, म्हणजे त्याच्या ठरलेल्या मूळ जागी, न्यायचं, बिट, म्हणजे कोरणारं टोक, फळीच्या कोपऱ्यावर आणायचं आणि, प्रोब नसेल तर, खिशातून कागदाची पट्टी काढायची.